नारिंगी शंकूच्या अलीकडे

शनिवारी सकाळी एमिल साबोलला चर्चबाहेरच्या फुटपाथवर उभा पाहून नवख्या माणसाला वाटे, हा बिचारा काहीतरी मागायला उभा आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, खांद्यातून थोडा वाकलेला, कानांवर ओढलेली लोकरी टोपी आणि गळ्यात दोरीने अडकवलेला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे : ‘आजोबांची बंदूक आहे? कापायला देण्याआधी मला दाखवा.’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत : ‘घाई नाही.’ हे ‘घाई नाही’ त्याच्या बायकोने, रीटाने, लिहायला लावलं होतं. तिचं म्हणणं, नुसती वरची ओळ वाचली तर माणूस गाडीची दारं आतून लावून घेईल.

हार्लो क्रीकमध्ये घरटी एक तरी रायफल असायचीच. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या त्या नदीखोऱ्यात नोव्हेंबर संपता संपता हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार येई, तेव्हा काचेचा कारखाना बंद, शाळा बंद, दातांचे डॉक्टरही बंद. आता कारखाना कायमचाच बंद झाला होता, आणि त्या रायफली वापरणारे पुरुष एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन विसावले होते. मागे राहिलेल्या बायकांना आणि शहरातून आलेल्या मुलींना पलंगाखाली, नाताळच्या दिव्यांच्या माळांशेजारी, गोधडीत गुंडाळलेली बंदूक सापडे. मग वर्षातून दोनदा जिल्ह्याचे पोलीस चर्चच्या आवारात येत. बंदूक आणून द्या, नावगाव विचारणार नाही, बदल्यात किराणा दुकानाचं शंभर डॉलरचं कार्ड घेऊन जा. संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदुका करवतीखाली.

एमिलचं ह्या योजनेशी भांडण नव्हतं. मोज्यांच्या कप्प्यात दडवलेली पिस्तुलं कोणी दाखवली, तर तोच हात करून सांगे, हे असलं आत घेऊन जा बाई, घरात नातवंडं असतील. पण अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर कोणाच्या तरी गालाने चाळीस वर्षं घासून आणलेली चकाकी, आणि ते सगळं करवतीखाली, हे त्याला बघवत नसे. चौतीस वर्षं त्याने काचेच्या बाटल्यांचे साचे हाताने घासले होते. घासायला किती वेळ लागतो हे त्याला माहीत होतं.

त्याची खरेदीची तऱ्हाही न्यारी. गाडीची काच खाली आली की आधी हवापाण्याचं बोलायचं. मग फक्त एक प्रश्न, ही कोणाची? तिथून पुढे अर्धा तास त्याला तोंड उघडावं लागत नसे. मागच्या वसंतात एक बाई वडिलांची छऱ्याची बंदूक घेऊन आल्या. त्यांनी वडिलांबद्दल एवढं सांगितलं, एवढं सांगितलं, की शेवटी डोळे पुसून त्या बंदूक घेऊन घरी परत गेल्या. रीटाने विचारलं, मग आज काय आणलंस? एमिल म्हणाला, काही नाही, पण फार छान झालं.

तिथल्या कायद्यात एका राज्यात राहणाऱ्या दोन माणसांना शिकारीची रायफल आपसात विकता-घेता येते, मध्ये दुकानदार लागत नाही. एमिलला मात्र लागे. सौदा ठरला की तो विकणाऱ्याला घेऊन थेट विल्मरच्या दुकानात जाई. विल्मर बंदुका आणि मासेमारीचं आमिष विकत असे. एका बाजूला लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला गांडुळांचा फ्रिज. तिथे फॉर्म भरायचा, राज्याच्या पोलिसांना फोन लावून चौकशी करून घ्यायची, मगच बंदुकीला हात. लोक हसत. एमिल म्हणे, हसा. घेतलेली बंदूक त्याने कधी विकली नाही, आणि गुडघे गेल्यापासून तो शिकारीलाही जात नव्हता. बंदुका तळघरातल्या कुलुपाच्या कपाटात उभ्या असत आणि रविवारी तेलाच्या फडक्याने पुसल्या जात.

सार्जंट ब्रेंडा कॉस्टेलो ह्या दर वेळी बंदोबस्ताला असत. त्यांनी पहिल्याच वर्षी आवाराच्या तोंडाशी रस्त्यावर ठेवतात तसला नारिंगी शंकू ठेवला आणि एमिलला समजावून सांगितलं. शंकूच्या अलीकडे रांगेत कोणाशीही बोला, सौदा करा, हवं ते करा. गाडीची चाकं शंकूपलीकडे गेली की आतली बंदूक सरकारजमा. मग बिशप आले तरी परत मिळणार नाही.

पाच वर्षांत एमिलने शंकूच्या अलीकडून अकरा बंदुका वाचवल्या. पण स्वतःच्या वडिलांची रायफल काही त्याच्या हाती लागत नव्हती.

ती रायफल वडिलांनी थोरल्याला, अँडीला, दिली होती. थोरल्याला द्यायची हे रीतीला धरूनच होतं, पण एमिलला ते कधी गिळवलं नाही. पुढे एका गोष्टीवरून दोघा भावांचं बोलणं तुटलं, ते एकतीस वर्षं तुटलेलंच राहिलं. गाव एवढंसं, दोघे एकाच न्हाव्याकडे जात. एक आत असला की दुसरा बाहेर गाडीत बसून राही. गेल्या मार्चमध्ये अँडी गेला आणि रायफल त्याच्या बायकोकडे, लोरेनकडे, आली.

गंमत म्हणजे ह्या जावांचं बोलणं एक दिवसही थांबलं नव्हतं. दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायका विकायला पिरोगी करत. बटाट्याचं सारण भरलेल्या त्या करंज्यांच्या कडा मुरडताना रीटा आणि लोरेन शेजारी शेजारी उभ्या राहात आणि दोघींच्या नवऱ्यांची यथेच्छ उणीदुणी काढत. मात्र रीटाचा एक नेम होता. तळघरातलं वर आणायचं नाही आणि वरचं तळघरात न्यायचं नाही.

तो नेम तिने ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी अर्धाच मोडला. कोपरापर्यंतचं पीठ धूत, पाठमोरी, ती म्हणाली, “उद्या लोरेन येणार आहे. नऊ वाजता. रायफल घेऊन.” आणि नळ बंद करून पुढे म्हणाली, “मी काही बोललेले नाही.”

एमिलने समोरचं ताट सरकवलं. तू तिला समजाव, असं त्याने तीन प्रकारे बोलून पाहिलं. रीटाने तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं, तोंड तुला आहे. मग त्याने विल्मरला फोन लावला. विल्मर परवानाधारक दुकानदार. त्याने लोरेनकडून रायफल रीतसर विकत घ्यावी आणि नंतर एमिलला रीतसर विकावी, ह्यात कायद्याची काही अडचण नव्हती. अडचण विल्मरची होती. फॉर्मवर खोटं लिहिणं म्हणजे तुरुंग, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती, आणि त्यामुळे एरवीही खोटं बोलायची त्याची सवय पार मोडली होती.

शनिवारी नऊला पाच मिनिटं असताना लोरेनची निळी गाडी रांगेच्या शेपटाला लागली. पुढे चौदा गाड्या. विल्मर टोपी हातात घेऊन खिडकीशी गेला. एमिल दुरून पाहात होता. विल्मर काही बोलला, लोरेनने काही विचारलं, विल्मरने मान खाली घातली आणि तो परत आला.

“तिने विचारलं, कोणासाठी?” विल्मर म्हणाला.

“मग?”

“मग सांगितलं.”

तोवर चार गाड्या पुढे सरकल्या होत्या. एमिलने पुठ्ठा गळ्यातून काढून भिंतीला टेकवला आणि स्वतःच निघाला. लोरेन पंचाहत्तरची, एवढीशी. स्टिअरिंग तिच्या हनुवटीला लागत होतं. तिने काच बोटभर खाली केली. एमिलने हवापाण्याचं काढलं. लोरेन म्हणाली, हवा तिला दिसते आहे. मग त्याने आकडा सांगितला, मग त्याहून मोठा आकडा सांगितला, मग असा एक आकडा सांगितला की रीटाने ऐकला असता तर तिनेच त्याला शंकूपलीकडे ढकललं असतं.

“ह्या रायफलीचे तुकडे होताना मी बघणार आहे, एमिल,” लोरेन शांतपणे म्हणाली. “खुर्ची आणली आहे मी.”

मागच्या सीटवर खरोखरच घडीची खुर्ची होती. खुर्चीशेजारी एका जुन्या चादरीत ती लांबट वस्तू. चादरीतून दस्त्याचं टोक बाहेर आलं होतं, आणि एमिलला ते कोणी न दाखवता ओळखू आलं.

“बाबांची आहे ती, लोरेन.”

“बाबांनी कोणाला दिली?”

“अँडीला.”

“झालं तर.”

गाडी पुढे सरकली. एमिल गुडघे सांभाळत शेजारून चालू लागला. तो अँडीबद्दल चांगलं चांगलं बोलला. हाताला यश होतं, आवाज गोड होता, लहानपणी त्याने आपल्याला नदीतून ओढून काढलं होतं. लोरेन समोर बघत ऐकत होती. तो म्हणाला, मी मार्चमध्ये चर्चला आलो होतो, शेवटच्या प्रार्थनेला.

“कोटांच्या खुंट्यांमागे उभा होतास,” लोरेन म्हणाली. “मला आधी वाटलं, कोणाचा तरी कोट लांब झालाय.”

आणखी दोन गाड्या आत गेल्या. आतून धातूवर करवत चालल्याचा आवाज येऊ लागला. पोलिसांनी आज दुपारची वाट पाहिली नव्हती. एमिलला त्या आवाजाने दात आंबल्यासारखं झालं. त्याने खिडकीच्या काठाला धरून विचारलं, “तुला हवंय तरी काय?”

“तुला माहितीये.”

त्याला माहीत होतं. अग्निशमन केंद्राच्या मोठ्या खोलीत, जिथे उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी गाव तळलेले मासे खायला जमे, तिथे भिंतीवर एका नर हरणाचं मुंडकं होतं. दहा टोकांची शिंगं, असा नर त्या खोऱ्यात आधी कोणी पाडला नव्हता आणि नंतरही नाही. खाली पितळी पट्टी : एमिल साबोल, आणि तारीख. एकतीस वर्षांपूर्वीचा पहिला सोमवार. ओढ्याच्या एका अंगाला अँडी बसला होता, दुसऱ्या अंगाला एमिल. दोघांनी एकाच श्वासात गोळी झाडली. नर पडला. आणि तिथली रीत अशी, की जो आधी पोचून आपल्या नावाची चिठ्ठी हरणाच्या कानाला बांधतो, त्याचं हरीण. अँडीचा पाय तेव्हाच अधू होता. एमिल पळाला. पोचल्यावर त्याने पाहिलं, भोक एकच होतं, आणि ते अँडीच्या बाजूला होतं. पाहिलं, आणि चिठ्ठी बांधली. रायफल तुला मिळाली ना, मग हरीण मला, असं काहीसं त्याच्या मनात होतं. पण ते मनात दोन मिनिटंच टिकलं, आणि तेवढ्यात अँडी लंगडत येऊन उभा राहिला. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, एमिलकडे पाहिलं, आणि तो वळून निघून गेला.

आता लोरेनच्या पुढे एकच गाडी होती.

“तो अँडीचा होता,” एमिल पुटपुटला.

“काय?”

“तो नर. अँडीचा.”

“ह्या कानाने मला कमी ऐकू येतं,” लोरेन म्हणाली.

एमिल गाडीला वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेला. लोरेनने आतूनच हाताने खूण केली, ही काच खाली होत नाही. तो पुन्हा वळसा घालून आला. पुढची गाडी शंकूपलीकडे गेली. कॉस्टेलोबाईंनी लोरेनला पुढे येण्याची खूण केली, लोरेनने पाय ब्रेकवरून उचलला, आणि एमिल गाडीच्या समोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

“एमिल, तुम्ही फुटपाथवरून खाली उतरलात,” कॉस्टेलोबाई म्हणाल्या.

“तो दहा टोकांचा नर अँडीने मारला,” एमिल म्हणाला. कारखान्यात भट्टीच्या आवाजाच्या वर चढवून बोलायचा तसा त्याचा आवाज निघाला. “बाबांच्या रायफलीने मारला. माझी गोळी कुठे गेली मला माहीत नाही. झाडात गेली असेल. मी आधी पोचलो आणि माझी चिठ्ठी बांधली. एकच भोक होतं. मी पाहिलं होतं.”

करवत नेमकी तेव्हाच थांबली होती. शेवटचं वाक्य चर्चच्या तळघरापर्यंत गेलं. रांगेतल्या गाड्यांच्या काचा एकामागून एक खाली आल्या. एमिल डोळे मिटून उभा होता. आता गाव काय म्हणेल ते ऐकायची त्याने तयारी केली होती.

मागच्या ट्रकमधल्या म्हाताऱ्याने डोकं बाहेर काढलं. “ते आम्हाला माहितीये, एमिल. आता जरा बाजूला सरक.”

एमिलने डोळे उघडले. त्याने कॉस्टेलोबाईंकडे पाहिलं. त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, त्या हरणाचं कातडं त्यांच्याच वडिलांनी काढलं होतं. गोळी कुठल्या बाजूने शिरली हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांच्या पलीकडे उभ्या फादरनीही मान हलवली. फादरना तर गावात येऊन सहाच वर्षं झाली होती.

“मग कोणी बोललं का नाही?” एमिलने विचारलं.

“तुम्हा भावाभावांतलं होतं,” ट्रकमधला म्हातारा म्हणाला. “आणि दरवर्षी तू ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचास. मागच्या वर्षी तर बर्फही पडत होता तिच्यात.”

लोरेनने इंजिन बंद केलं. ती हसत नव्हती, पण तिचा चेहरा सैल झाला होता. तिने काच पूर्ण खाली केली आणि म्हणाली, “एक डॉलर. आणि मला इथून बाहेर काढ.”

हे दुसरं काम पहिल्याहून कठीण निघालं. आवाराचं तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी भिंत, पुढे शंकू. लोरेनची पुढची चाकं शंकूला टेकलेली. पुढे जाऊन वळायचं म्हटलं तर रायफल सरकारजमा. एमिलने सुचवलं, शंकू चार हात पुढे सरकवा. कॉस्टेलोबाई म्हणाल्या, शंकू सरकारी आहे. शेवटी त्यांनी शिट्टी काढली आणि मागच्या नऊ गाड्या एकेक करून उलट चालवत रस्त्यावर काढायला लावल्या. प्रत्येकीच्या डिकीत बंदूक आणि प्रत्येकीच्या चाकामागे साठीपलीकडचा माणूस. एकाने टपालपेटी आडवी केली, एकीने मागे जायच्या ऐवजी वायपर सुरू केले. ट्रकमधला म्हातारा उलट जाता जाता सगळ्यांना सांगत होता, अँडी असता तर ह्या भानगडीत पडलाच नसता. ह्या सगळ्या गोंधळात दोन बायकांचं मन बदललं आणि त्या आपापल्या बंदुका घेऊन घरी गेल्या. कॉस्टेलोबाईंनी त्याचाही राग एमिलवरच काढला.

विल्मरच्या दुकानात मग सगळं रीतसर झालं. लोरेनने चादर उलगडली. विल्मरने रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि ती काउंटरवर ठेवली. दस्त्यावर वडिलांच्या गालाची चकाकी होती, आणि त्याच जागी, थोडी वर, दुसऱ्या कोणाच्या तरी गालाची. एमिलने हात लावला नाही. फोन झाल्याशिवाय तो लावत नसे. त्याने फॉर्म भरला, विल्मरने फोन लावला, बराच वेळ हं हं केलं आणि ठेवला.

“तपास चालू,” विल्मर म्हणाला. “ओहायोत तुझ्या नावाचा कोणी एक एमिल साबोल आहे. तुझ्याच वयाचा. त्याने होड्या चोरल्यात. तो तू नव्हेस हे कळायला मंगळवार उजाडेल.”

रायफल विल्मरच्या लोखंडी कपाटात गेली. विल्मरला पावती लिहायची होती, आणि तो सावकाश लिहिणारा माणूस. तोवर दीर-भावजय गांडुळांच्या फ्रिजशेजारच्या दोन स्टुलांवर बसली. एकतीस वर्षांत इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती, आणि दोघांनाही कुठे बघावं ते कळत नव्हतं, म्हणून दोघांनी गांडुळांच्या डब्यांवरची लेबलं वाचली.

मग लोरेन आपणहून बोलू लागली. रायफल स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असायची, फरशी पुसायच्या काठीशेजारी. अँडी गेल्यापासून काठी काढायला गेलं की रायफल तिच्या अंगावर पडे. शिकार अँडीने त्या वर्षापासूनच सोडली होती. पण पहिल्या सोमवारी तो ओढ्यापाशी जाऊन बसायचा. रायफल रिकामी, कॉफीचा थर्मास भरलेला. थर्माससोबत कप दोन.

“दोन कशाला?” एमिलने विचारलं.

लोरेन म्हणाली, दुसरा कप दर वर्षी कोरडाच परत यायचा.

एमिल म्हणाला, मग तो स्वतः का नाही आला माझ्याकडे? लोरेन म्हणाली, तोही साबोलच होता ना. एमिलने टोपी काढली, तिच्या आत काहीतरी बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा घातली. दुपारी अग्निशमन केंद्रात जाऊन ती पितळी पट्टी काढतो, असं तो म्हणाला. लोरेन म्हणाली, काढ, पण स्क्रू जपून ठेव, नव्या पट्टीला लागतील.

पावती लिहून झाली होती. विल्मरने ती फुंकर घालून वाळवली आणि लोरेनच्या हातात दिली. तेव्हा त्याला एक गोष्ट आठवली आणि सवयीप्रमाणे त्याने ती बोलूनही टाकली. तिच्या घरासमोर तर पोलीस ठाणं आहे. नको असलेली बंदूक तिथे कोणत्याही दिवशी घेतात. रांग नाही, काही नाही. मग गाडी काढून ती चर्चच्या रांगेत का आली?

लोरेन पर्समध्ये पावती नीट घडी करून ठेवत होती.

“तिथे एमिल उभा नसतो,” ती म्हणाली, आणि मंगळवारी दुकान किती वाजता उघडतं, ते विल्मरला विचारू लागली.